छप्पर दिसतं, माणसं दिसत नाहीत : उपग्रहचित्रातून क्षेत्रफळाचा पाठ



पाचवीला क्षेत्रफळ शिकवताना मी एकदा गृहपाठ दिला होता, "आपापलं घर मोजून आणा, उद्या वर्गात सांगायचं." दुसऱ्या दिवशी एकाने ऐटीत चार खोल्या सांगितल्या. त्याच्यानंतर उभी राहिलेली मुलगी गप्पच. "टेप नव्हता मॅडम," एवढंच म्हणाली. मधल्या सुट्टीत हळूच सांगितलं, एकच खोली आहे आणि माणसं सात. चूक माझी होती. घराचं माप सगळ्यांसमोर विचारायचं नसतं, हे मला आधी कळायला हवं होतं.

आता हा पाठ मी उपग्रहचित्रावरून घेते. चित्रातल्या छपरावर कुणाचं नाव नसतं.

उपग्रहाला घर कसं दिसतं?
उपग्रहचित्र म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपके. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर × १० मीटर, म्हणजे १०० चौ.मी. असतो. ३० चौ.मी.ची तीन घरं एकाच ठिपक्यात मावतात! इस्रोने २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-३ चा ठिपका साधारण २५ सें.मी.चा. त्यात तेच घर ४८० ठिपक्यांचं होतं. (३० ÷ ०.०६२५. सहावी-सातवीला हे गणित जरूर द्या.)

अशा बारीक चित्रांवरून संगणक छपरांच्या कडा ओळखतो. गुगलच्या 'ओपन बिल्डिंग्ज' या खुल्या माहितीसाठ्यात अशी सुमारे १८० कोटी छपरं नोंदवलेली आहेत. त्यात भारतही आहे. प्रत्येक छपराचं क्षेत्रफळ आणि 'ही इमारतच आहे याची खात्री किती' हेही दिलेलं असतं.

वर्गातली कृती
१. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावरून किंवा गुगल नकाशावरून एका भागाचं चित्र छापून घ्या. मुलांच्या राहत्या गल्लीचं नको, लांबचा भाग निवडा.
२. त्यावर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवून छपराचे चौकोन मोजायला सांगा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरा.
३. चित्रावरच्या मापपट्टीवरून एका चौकोनाचं खरं क्षेत्रफळ काढा आणि गुणाकार करा.
४. आता दोन काल्पनिक घरांच्या चिठ्ठ्या द्या. दोन्हींचं छप्पर ६० चौ.मी.
घर 'अ' : १ मजला, १० माणसं. ६० ÷ १० = ६ चौ.मी.
घर 'ब' : २ मजले, ४ माणसं. १२० ÷ ४ = ३० चौ.मी.

वरून दोन्ही घरं सारखीच, पण आत माणशी जागेत पाचपट फरक! (भिंती, जिना वगळले तर जागा आणखी कमी होईल, हेही सांगा.) मजल्यांचा अंदाज इमारतीच्या उंचीवरून बांधता येतो. माणसं मात्र दारात जाऊनच मोजावी लागतात. म्हणून तर जनगणनेत घरातल्या खोल्या आणि माणसं दोन्ही विचारतात.

आपल्या सोलापूरचं उदाहरण
कुंभारीजवळच्या रे नगरची जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवा. कामगारांसाठीच्या ३० हजार घरांच्या या प्रकल्पातली पहिली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. मोकळं रान आणि नंतरच्या इमारतींच्या रांगा, हा बदल मुलांना पटकन दिसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचं चटई क्षेत्र ३० चौ.मी.पर्यंत धरलं होतं. त्यात ५ माणसं राहिली तर माणशी किती? मुलं लगेच सांगतात, ६.

मग पूर्व भागाचं चित्र दाखवलं. तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, घरातच माग असला तर ती जागा राहायची धरायची का?" उपग्रहाला तर सगळं एकच छप्पर. त्याच जागेत माग चालतो, कुठे विड्या वळल्या जातात, तिथेच मुलं अभ्यास करतात. आम्ही वहीत दोन रकाने केले, 'राहायची जागा' आणि 'कामाची जागा'. हे माझ्या टाचणात नव्हतं, मुलांनी शिकवलं.

पालकांना विनंती : या वेळी गृहपाठ वेगळा आहे. मुलाला अभ्यासाला बसायला किती जागा लागते, ती खडूने आखून दोघांनी मिळून मोजा. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ वहीत लिहा. ते माप वर्गात कुणी मोठ्याने विचारणार नाही, मीसुद्धा नाही.