घटक ४ : स्नेहपत्र – उन्हाळ्याच्या धामधुमीची हकिगत मैत्रिणीस कळविताना

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
- स्नेहपत्र आणि वृत्तान्त यांतील फरक स्पष्ट करता येईल.
- पत्राचा मायना, मजकूर व समारोप यांमागील विचार सांगता येईल.
- अनेक घटनांमधून पत्रासाठी योग्य घटनेची निवड करता येईल.
- आपल्या कुटुंबातील व परिसरातील घडामोडींविषयी स्नेहपत्र लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण व्यावहारिक पत्रांचा विचार केला. अर्ज, मागणीपत्र, तक्रारपत्र यांत विषय महत्त्वाचा असतो. पत्र वाचणारी व्यक्ती बदलली तरी मजकुरात फारसा फरक पडत नाही. स्नेहपत्राची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे वाचणारी व्यक्ती बदलली की पत्रच बदलते.

आपल्याकडे उन्हाळा हा कुटुंबाचा ऋतू आहे. शाळांना सुट्या असतात, लग्नसराई असते, लेकी माहेरी येतात, वाळवणे घातली जातात आणि आंब्याच्या आढ्या लागतात. मराठवाड्यात याला पाण्याच्या ओढीची जोड मिळते. अशा दोन-अडीच महिन्यांनंतर दूरच्या मैत्रिणीला पत्र लिहायला बसावे, तर सांगण्यासारखे इतके असते की नेमके काय सांगावे हेच कळेनासे होते. ही अडचण भाषेची नसून निवडीची आहे. ती कशी सोडवावी, हे प्रस्तुत घटकात आपण पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मायना : नात्याचा निर्णय

मराठी पत्रलेखनाला दीर्घ परंपरा आहे. यादवांच्या दरबारातील श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या नावावर 'मेस्तक' सांगितले जाते. कोणाला कसा मायना लिहावा, याचे नियम त्यात दिलेले आहेत. यादवांची राजधानी देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद, छत्रपती संभाजीनगरपासून अवघ्या काही मैलांवर आहे. पुढे 'तीर्थस्वरूप', 'चिरंजीव', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे मायने रूढ झाले आणि त्यांची 'ती.', 'चि.', 'सा. न. वि. वि.' अशी संक्षिप्त रूपे विसाव्या शतकातील पोस्टकार्डांपर्यंत टिकली. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्याच्या लहानशा जागेत या संक्षिप्त रूपांची मोठीच सोय झाली असणार.

मायना हा केवळ शिष्टाचार नव्हे, हे चांगदेवांच्या आख्यायिकेवरून ध्यानात येते. चांगदेव वयाने मोठे, ज्ञानेश्वर ज्ञानाने मोठे. मग 'चिरंजीव' लिहावे की 'तीर्थस्वरूप'? निर्णय होईना, म्हणून चांगदेवांनी कोरेच पत्र पाठविले. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्या 'चांगदेव पासष्टी' या नावाने प्रसिद्ध आहेत. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव पैठण तालुक्यात, याच जिल्ह्यात आहे. आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यातील एक जाण आपल्या उपयोगाची आहे : समोरच्या व्यक्तीशी आपले नाते काय, हे ठरल्याशिवाय पत्राची पहिली ओळ लिहिता येत नाही.

४.२.२ पत्र एका व्यक्तीसाठी असते

मराठी व भारतीय पत्रवाङ्मयातील काही उदाहरणे पाहा. साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' या नावाने ग्रंथरूपात आली. पंडित नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पृथ्वीची व मानवी संस्कृतीची गोष्ट पत्रांतून सांगितली. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा स्नेह मुख्यतः पत्रांतून वाढला. जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे, तर सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने प्रसिद्ध झाली.

ही पत्रे पुढे हजारो वाचकांनी वाचली. परंतु लिहिताना लेखकासमोर एकच चेहरा होता. विषय कोणता घ्यावा, किती सांगावे, कोठे थांबावे हे त्या चेहऱ्याने ठरविले. स्नेहपत्राचे मर्म येथेच आहे.

४.२.३ एक मसुदा व त्यातील उणीव

आता एक कल्पित प्रसंग घेऊ. छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी परिसरात राहणारी एक गृहिणी अंबाजोगाईला असलेल्या बालमैत्रिणीस उन्हाळ्याची हकिगत कळवीत आहे. तिचा पहिला मसुदा असा :

> "यंदा उन्हाळा फार कडक होता. एप्रिलमध्ये वाळवणे केली. नंतर आत्या व मामांकडची मंडळी आली. मे महिन्यात चुलत बहिणीचे लग्न झाले. लग्न छान झाले. पाण्याची फार टंचाई होती. माझी परीक्षाही झाली. वाडा विकायचा ठरले आहे. आंबे यंदा महाग होते. बाकी सर्व ठीक. तुझ्याकडचे कळव."

यात चूक म्हणावी असे एकही वाक्य नाही. तरीही हे पत्र वाचून मैत्रिणीच्या हाती काय लागेल? वाडा विकला जाण्याची बातमी परीक्षा आणि आंब्यांचा भाव यांच्यामध्ये दडली आहे. प्रत्येक घटनेला सारखेच एक वाक्य मिळाल्याने कोणतीच घटना मोठी राहिलेली नाही. शिवाय हा मजकूर कोणालाही पाठविता येईल. ज्या मैत्रिणीचे बालपण त्या वाड्यात गेले, तिच्यासाठी त्यात वेगळे असे काहीच नाही. हा वृत्तान्त झाला; पत्र अजून व्हायचे आहे.

४.२.४ नमुना पत्र

> गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
> दि. ५ जून
>
> प्रिय सखी,
> सप्रेम नमस्कार.
>
> मागच्या पत्रात तू विचारले होतेस, यंदा कुरडया घातल्या का म्हणून. घातल्या बाई. आपण दोघी जिथे कावळे हाकायला बसायचो आणि कावळ्यांपेक्षा जास्त चीक आपणच खायचो, त्याच माळवदावर घातल्या. हे आधी सांगते, कारण पुढची बातमी त्या माळवदाचीच आहे.
>
> वाडा विकायचा ठरला. अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी इसार झाला. भांडण झाले नाही, एवढे समाधान. बाबा, काका आणि आत्या तिघेही ओसरीवर बसले, सह्या केल्या आणि बराच वेळ कोणी उठेना. शेवटी आईने पन्हे आणले तेव्हा मंडळी हलली. मागची भिंत दोन पावसाळे झाले कलली आहे आणि डागडुजीला लागणारा पैसा कोणाकडे नाही. सगळे समजते. तरी रात्री झोप येत नाही.
>
> त्यातच धाकटीचे लग्न. लग्नाला बीड बायपासवरचा हॉल घेतला होता, पण हळद मात्र वाड्यातच व्हायची, असे आजीने सांगितले. ती कधी काही मागत नाही, म्हणून कोणी नाही म्हणाले नाही. चाळीस माणसे, नळाला आठवड्याने पाणी, दोन टँकर मागवले, तरी रांजण दुपारीच कोरडे. मामांकडची मुले रात्री माळवदावर ओळीने झोपली होती. माजघरात आढी लावलेली, त्यामुळे सगळ्या वाड्याला आंब्याचा वास. तू असतीस तर म्हणाली असतीस, अगदी आपल्या वेळेसारखे.
>
> हळदीच्या सकाळी जात्याची पूजा झाली. आजीने खुंट्याला हात लावला आणि घाणा भरायला बसली. तिला आता ओव्या पुऱ्या आठवत नाहीत. एक ओळ म्हणायची आणि थांबायची. मग आत्या पुढची ओळ धरायची. शेवटी आत्यालाही आठवेना, तेव्हा दोघी नुसत्याच दळत राहिल्या. आम्ही सगळ्या गप्प उभ्या होतो.
>
> लग्न छान झाले. तिसऱ्या दिवशी माझा बी. ए. चा पेपर होता. हाताची हळद उतरली नव्हती. उत्तरपत्रिकेच्या कडेला पिवळे बोट उमटले. पेपर बरा गेला.
>
> आता मुद्द्याचे विचारते. वाड्यातले सामान वाटून झाले. तांब्याचा बंब काकांनी घेतला, झोपाळ्याच्या कड्या आत्याने नेल्या. जाते मात्र कोणालाच नेता येत नाही. सगळ्यांचे फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर ते ठेवणार कुठे? भंगारात घालू, असे कोणीतरी म्हणाले आणि आजी उठून आत गेली. तुझ्या अंगणात जागा आहे. लहानपणी आजी तुला जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसवायची, खुंट्यावर तुझा हात तिच्या हाताखाली असायचा. तू ठेवशील का? टेम्पोचे मी बघते. अडचण असेल तर तसे मोकळेपणाने लिही, मी रागावणार नाही. आजीला अजून काही बोलले नाही. तुझे उत्तर आल्यावरच बोलेन.
>
> मृग दोन दिवसांवर आला, पण आभाळ कोरडेच आहे. तुमच्याकडे काही शिंतोडे? भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
>
> तुझीच,
> अ. ब. क.
>
> ता. क. कुरडयांचा डबा वेगळा काढून ठेवला आहे. जाते येवो न येवो, तो येणारच.

४.२.५ पत्राचे विश्लेषण

(अ) *घटनाक्रम व महत्त्वक्रम :* पहिला मसुदा दिनदर्शिकेप्रमाणे चालतो. दुसऱ्या पत्रात वाड्याची बातमी आरंभीच येते आणि लग्न, पाणी, पाहुणे, परीक्षा या सर्व गोष्टी तिच्या आश्रयाने येतात. धामधूम कमी झालेली नाही. तिला एक मध्यबिंदू मिळाला आहे.

(आ) *सामायिक स्मृती :* कावळे हाकणे, चीक खाणे, खुंट्यावरचा हात हे तपशील फक्त या दोघींचे आहेत. हे पत्र दुसऱ्या कोणाला पाठविता येणार नाही. तुमच्या पत्राची कसोटी घ्यायची असेल तर मायन्यातील व्यक्ती बदलून पाहा. मजकूर तसाच चालत असेल, तर ते पत्र अजून त्या व्यक्तीचे झालेले नाही.

(इ) *विशेषणांऐवजी तपशील :* 'फार टंचाई होती' याऐवजी दोन टँकर आणि कोरडे रांजण आले आहेत. 'सर्वांना वाईट वाटले' असे कोठेही म्हटलेले नाही. सह्या झाल्यावर कोणी उठले नाही, एवढेच सांगितले आहे. 'लग्न छान झाले' हे वाक्य मात्र जसेच्या तसे राहिले आहे. प्रत्येक गोष्ट रंगवून सांगण्याची गरज नसते. जेथे बोलण्यासारखे आहे तेथे थांबावे, इतर ठिकाणी एका वाक्यात पुढे जावे.

(ई) *भाषेची पातळी :* 'बाई', 'बघते' असे बोलीतील शब्द मैत्रीला शोभतात. प्रमाण लेखनात ते सहज मिसळले आहेत. इसार, आढी, घाणा भरणे हे व्यवहारातील नेमके शब्द टाळून संस्कृतप्रचुर शब्द योजले असते, तर पत्र परके वाटले असते.

(उ) *उत्तरासाठी जागा :* 'तुझ्याकडचे कळव' या ठरावीक वाक्याला ठरावीकच उत्तर येते. येथे खरा प्रश्न विचारला आहे आणि नकार देण्याची मोकळीकही दिली आहे. आजीला न सांगण्याचे कारणही तेच : मैत्रिणीवर अपेक्षेचे ओझे पडू नये. स्नेहपत्रातील सौजन्य नमस्कार-आशीर्वादापुरते नसते, ते अशा मजकुरात दिसते.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १*
१. पहिल्या मसुद्यातील कोणती बातमी दडून गेली आहे? का?
२. आजीची मनःस्थिती दर्शविणाऱ्या दोन कृती पत्रातून शोधा.
३. ताज्या कलमातील मजकूर पत्राच्या मध्ये आला असता, तर कोणता फरक पडला असता?

४.२.६ आजच्या काळात स्नेहपत्र

आज बहुतेक वार्ता भ्रमणध्वनीवरून त्याच क्षणी पोहोचतात. लग्नाची छायाचित्रे मंडपातूनच पाठविली जातात. मग पत्राचे प्रयोजन काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. छायाचित्रात हळद दिसेल. ओवी मध्येच थांबली, हे दिसणार नाही. घटना घडून गेल्यावर तिचा आपल्या दृष्टीने अर्थ काय, हे सांगण्यासाठी थोडा अवकाश लागतो. तो अवकाश कागदावर मिळो वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, वर सांगितलेली तत्त्वे तीच राहतात. प्रौढ वयात शिक्षण घेणाऱ्या आपणां सर्वांना नोकरी, संसार व अभ्यास यांतून मैत्रीसाठी उसंत मिळत नाही. 'सगळे सांगायचे राहिले आहे, सवडीने लिहू' असे म्हणता म्हणता वर्षे जातात. सगळे सांगण्याची आवश्यकता नाही, हे एकदा पटले की लिहिणे सोपे होते.

४.३ सारांश

स्नेहपत्र एका विशिष्ट व्यक्तीसाठी लिहिले जाते. मायन्यातच त्या नात्याचा निर्णय होतो. अनेक घटनांची यादी करण्याऐवजी वाचणाऱ्याशी निगडित अशी एक घटना केंद्रस्थानी ठेवावी व इतर घटना तिच्याभोवती गुंफाव्यात. नेमका तपशील, सामायिक स्मृती, नात्याला साजेशी भाषा आणि खऱ्या उत्तराला जागा ठेवणारा समारोप ही चांगल्या स्नेहपत्राची लक्षणे होत.

४.४ शब्दार्थ

माळवद : मातीचे सपाट छप्पर, धाबे. इसार : खरेदीचा व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. आढी : आंबे पिकविण्यासाठी गवतात रचून ठेवण्याची पद्धत. घाणा भरणे : लग्नापूर्वी जात्याची पूजा करून हळद वगैरे दळण्याचा विधी. ताजा कलम : पत्र पूर्ण झाल्यावर जोडलेला मजकूर.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'मायना हा नात्याचा निर्णय असतो' हे विधान चांगदेवांच्या आख्यायिकेच्या आधारे स्पष्ट करा.
२. नमुना पत्रातील मैत्रिणीने लिहिलेले उत्तर सुमारे २०० शब्दांत लिहा. जाते ठेवणे तिला शक्य नाही, असे गृहीत धरा.
३. हीच हकिगत लेखिकेने आपल्या वडीलधाऱ्या मामांना कळविली असती, तर मायना, मजकूर व भाषा यांत कोणते बदल झाले असते?

*उपक्रम :* सरलेल्या उन्हाळ्यातील दहा घटनांची यादी करा. ज्या मित्राला वा मैत्रिणीला बरेच दिवस लिहिलेले नाही, त्या व्यक्तीचे नाव यादीच्या वर लिहा. त्या नावाकडे पाहून नऊ घटना खोडा. उरलेल्या एका घटनेविषयी पत्र लिहा आणि ते वहीत न ठेवता टपालात टाका.