खूर दुखावलेल्या घोड्यावर बसावे काय?



रिंगण संपले की आपण धावत जाऊन अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावतो. ज्या खुराची माती लावायची त्या खुराच्या आत काय आहे, तो दुखतो कसा, आणि दुखला असता त्या घोड्याच्या पाठीवर स्वार बसवावा की नाही, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. गावोगावच्या पालख्यांपुढे घोडे असतात. कोणी यात्रेसाठी भाड्याने आणतो, कोणी घरचा आणतो. वाटेत घोड्याने पाय धरला की सगळेच शहाणे होतात! दहा जण दहा उपाय सांगतात. शेवटी निर्णय होतो तो गर्दीच्या घाईने. म्हणून हा विषय जरा सावकाश पाहू.

घोड्याचे खूर म्हणजे एक मोठे नख, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. बाहेरची भिंत नखासारखी निर्जीव, हे बरोबर. तिच्यात खिळा मारला तर घोड्याला कळतही नाही. परंतु त्या भिंतीच्या आत हाड आहे, रक्ताच्या बारीक वाहिन्यांचे दाट जाळे आहे, आणि हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे पापुद्रे आहेत. घोड्याचा सारा देह त्या पापुद्र्यांवर टांगलेला असतो म्हटले तरी चालेल. खाली तळवा, आणि तळव्याच्या मध्यभागी पाचरीच्या आकाराचा मऊसर भाग असतो, त्याला जाणते लोक पुतळी म्हणतात. आपल्या बोटाला ठसठस लागली की बोट सुजायला जागा असते. खुराच्या कवचात सुजेला जागाच नाही. त्यामुळे आत थेंबभर पू झाला तरी एवढे मोठे जनावर तीन पायांवर येते.

आता भाराचा हिशेब. उभ्या घोड्याच्या वजनाचे सुमारे १०० पैकी ६० भाग पुढच्या दोन पायांवर असतात, म्हणून लंगडण्याची दुखणी पुढच्या पायांत जास्त, आणि त्यांतली बहुतेक खुरातच. साडेतीनशे किलोचा घोडा धरा. त्यावर ६५ किलोचा स्वार व दहा किलोचे खोगीर. संथ चालीत हे निभते. दुडकी चालीत मात्र क्षणभर एका पायावर घोड्याच्या अख्ख्या वजनाइतका भार येतो, आणि भरधाव दौडीत त्याच्या दुपटीच्या वर जातो. जखमी खुरावर स्वार बसवताना आपण ७५ किलो वाढवले असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक टापेला किती वाढवले ते घोडाच जाणे.

तर मग पाहायचे कसे? घोडा बोलत नाही, आणि तो कळपातला, वाघलांडग्यांचे भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवण्याकडे त्याचा कल असतो. लंगडा दिसला की मेला, हे त्याच्या रक्तातच आहे. त्यात टाळमृदंगाचा गजर आणि हजारो माणसांचा जयघोष झाला, की अंगात उत्साह चढून दुखऱ्या पायानेही तो धावतो. म्हणून ‘बघा, कसा नाचतोय, त्याला काही झालेलं नाही’ हा पुरावा धरू नये. परीक्षा शांत वेळी, मुक्कामावर, पहाटे करावी.

प्रथम तो उभा कसा आहे ते पाहावे. मागचा एक पाय सैल सोडून उभा राहणे ही घोड्याची विसाव्याची रीतच आहे, त्याची चिंता नको. पण पुढचा एक पाय सारखा पुढे टाकून त्यावरचा भार काढून घेत असेल तर तो काही सांगतो आहे. मग चारही खुरांवर हाताचा तळवा ठेवून ऊब ताडून पाहावी. खुराच्या वर जो घोट्यासारखा सांधा आहे त्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोट टेकले की नाडी लागते. निरोगी घोडा विसाव्यात असता ती इतकी मंद असते की सापडायला वेळ लागतो. एकाच पायाची नाडी ठणठण उडत असेल तर त्या खुरात दाह आहे. पाय उचलून तळवा व पुतळीच्या बाजूच्या खाचा स्वच्छ करून पाहाव्यात. खडा, काच, खिळा, चीर, काळा दुर्गंधी स्राव, जे असेल ते दिसेल. हे काम मोतद्दाराने रोज सकाळ-संध्याकाळ करायचे असते. यात्रेतच करायचे ही गोष्ट नव्हे.

यानंतर चाल. लगाम सैल धरून, कठीण सपाट जमिनीवर, पाठ रिकामी ठेवून आधी संथ चालवावा, मग माणसाने बरोबर पळत दुडकी काढावी. डोक्याकडे पाहा. पुढचा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलते, आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. मागचा पाय असेल तर पुठ्ठ्यांकडे पाहा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा अधिक वरखाली होतो. दोन्ही पुढचे पाय दुखत असले तर डोके हलतच नाही, आणि इथेच भलेभले फसतात. घोडा फक्त आखूड पावले टाकतो, निखाऱ्यावरून चालल्यासारखा. शेवटी दोन्ही अंगांनी वर्तुळात फिरवावा. सरळ रस्त्यावर झाकलेले लंगडणे वळणावर उघडे पडते. आपले गोल रिंगण म्हणजे वळणच वळण, हे ध्यानात असावे.

या परीक्षेत एक जरी पाऊल चुकले तरी स्वार बसवू नये. जखम दिसो न दिसो. उलट, भिंतीच्या खालच्या कडेचा टवका उडाला आहे, पण ऊब नाही, नाडी शांत, दुडकीत डोके स्थिर, तर नालबंदाकडून कड घासून घेऊन बसायला हरकत नाही. दिसायला भयंकर असलेले खूर कधी कधी निर्धास्त असते, आणि वरून तुकतुकीत दिसणारे आतून सडत असते.

काही दुखणी मात्र अशी, की तिथे परीक्षेचाही प्रश्न नाही. पुतळीत किंवा तिच्या खाचेत खिळा शिरला तर तो थेट आतल्या सांध्यापर्यंत जाऊ शकतो. बाहेर छिद्र दिसते तिळाएवढे, आणि घोडा जन्माचा जातो. अशा वेळी शक्यतो खिळा तसाच ठेवून, तो आणखी आत जाणार नाही अशी खुराला गादी बांधून, पशुवैद्याला बोलवावे. काढावाच लागला तर कुठे, किती खोल व कोणत्या तिरपेने होता याची खूण करून ठेवावी. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार, तेव्हा लस टोचलेली आहे की नाही हे त्याच घटकेला विचारावे. खुराच्या वरच्या काठापासून, जिथे केस संपतात तिथून, खाली उतरलेली चीर हीही गंभीरच. खुराची वाढ महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर, त्यामुळे वरची चीर पुढच्या टोकापर्यंत उतरून निघून जायला वर्ष लागते.

तळव्यात पू झाला तर घोडा एकाएकी असा लंगडतो की पाय मोडला वाटावे. वैद्याने किंवा कुशल नालबंदाने वाट करून दिली की एकदोन दिवसांत आराम पडतो. आणि इथेच घाई होते! ठणका थांबला म्हणजे खूर बरे झाले असे नव्हे. छिद्र कोरडे होऊन त्यावर कठीण थर येईपर्यंत चिखलात व डांबरी सडकेवर स्वार घेऊन जाणे म्हणजे पुन्हा घाण आत कोंबणे होय.

पायपोळ धरावी तसे एक दुखणे आहे, ज्यात भिंतीच्या आतले पापुद्रेच सुजतात. घोडा अंग मागे टाकून मागच्या पायांवर भार घेतो, पुढची खुरे गरम लागतात, वळायला तयार होत नाही. याची कारणे अनेक. पण एक कारण आपल्या हातचे आहे म्हणून सांगतो. वाटेवर जो भेटतो तो प्रेमाने घोड्याला ओंजळभर हरभरा, गुळाचा खडा, पेढा, भाकरी भरवतो. एकाची ओंजळ प्रसाद असते. पाचशे जणांच्या ओंजळी त्याच्या पोटात विष होतात आणि ते विष खुरात उतरते. माउलींनो, अश्वाचे दर्शन घ्या, भरवू नका. मोतद्दार ‘नको’ म्हणाला तर रागावू नका. अशा घोड्यावर बसणे तर दूरच, त्याला चालवणेही घातक. वैद्य येईपर्यंत मऊ जागी उभा ठेवावा.

नवा नाल मारल्यावर खिळा जिव्हारी लागला असेल तर घोडा तिथल्या तिथे पाय ओढतो. नुसता दाब आला असेल तर दोनचार दिवसांनी लंगडू लागतो. म्हणून प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नाल मारण्याची जी पद्धत पडली आहे ती वाईट. आठदहा दिवस आधी मारावा, म्हणजे दोष घरीच उघडा पडेल, दिवे घाटात नव्हे.

वेदनाशामक सुईचे काय? ‘डॉक्टरांकडून एक सुई मारून घेऊ, रिंगण तेवढं पार पडू दे,’ असे कोणी म्हणतो. औषध म्हणून सुई योग्यच, जनावराचे हाल थांबतात. पण सुई घेऊन स्वार बसवला तर दुखणे तसेच राहते आणि राखणदार तेवढा झोपवला जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही रोगाने वा जखमेने अपात्र झालेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा ठरवला आहे. तो यात्रेतल्या जनावरालाही लागू आहे.

खरी अडचण निराळीच असते. लोक जमलेले असतात, मानाचा प्रश्न असतो, ‘घोडा धावला नाही तर अपशकुन’ असेही कुजबुजले जाते. त्यांच्यासाठी महाभारतातली एक गोष्ट आठवावी. द्रोणपर्वात जयद्रथवधाचा दिवस. सूर्य मावळण्याआधी जयद्रथ पडला नाही तर अर्जुन अग्निप्रवेश करणार, अशी प्रतिज्ञा. दिवस कलू लागलेला, शत्रुसैन्य मध्ये उभे, आणि रथाचे घोडे बाणांनी जखमी व तहानेने व्याकूळ. यापेक्षा मोठी घाई कोणत्या रिंगणाला असेल? तरी त्या वेळी घोडे सोडायचे ठरले. अर्जुन रथाखाली उतरून पायउतार लढला, बाणाने भूमी भेदून पाणी काढले. आणि श्रीकृष्णाने घोडे जुवातून सोडून स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगातले बाण उपटले, अंग चोळले, पाणी पाजले, चारा घातला, विसावा दिला, मगच पुन्हा जुंपले. भर रणात, शत्रूच्या देखत! जो आपला विठोबा त्याचेच हे हात. आणि जयद्रथ त्या दिवशी वाचला नाही.

रिकाम्या पाठीने घोडा चालवण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. माउलींच्या सोहळ्यात अंकलीहून शितोळे सरकारांचे जे दोन अश्व येतात, त्यांतल्या एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी असते, आणि आपण मस्तक ठेवतो ते त्या रिकाम्या पाठीच्या अश्वापुढे. मात्र लंगडणाऱ्या घोड्याला रिकाम्या पाठीनेही पुढच्या मुक्कामापर्यंत रेटू नये. एक पाय दुखला की तो सारा भार जोडीच्या पायावर टाकतो, आणि काही दिवसांनी तो चांगला पायही जातो. गाडीत चढवावा, किंवा आहे त्या गावी विश्वासू माणसाजवळ ठेवावा. आपल्या वाटेवरच्या गावांत ‘नाही’ म्हणणारे घर सापडायचे नाही.

पुन्हा बसायचे केव्हा? सुईचा अंमल पूर्ण उतरला आहे, खुराला ऊब नाही, वैद्याने होकार दिला आहे, हे सारे झाल्यावर काही दिवस हाती धरून फिरवावा. मग पाठ रिकामी ठेवून दुडकी, आधी मऊ जमिनीवर, मग कठीण, मग वर्तुळात. तिन्ही ठिकाणी डोके स्थिर राहिले तर हलक्या अंगाचा स्वार बसवून पंधरावीस मिनिटे नुसती संथ चाल द्यावी आणि उतरावे. त्या दिवशी तो कसा चालला यावर भुलू नये. रात्र जाऊ द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काकड्याच्या वेळी, घोडा हलण्यापूर्वी, त्या सांध्याच्या मागे पुन्हा बोट टेकून पाहावे.