निर्णायक मत

राष्ट्रीय कसोटी संघाची निवड म्हणजे केवळ मागील धावा व बळी यांची बेरीज नव्हे. खेळपट्टी, हवामान, प्रतिस्पर्धी आणि खेळाडूचे मनोधैर्य यांचाही विचार तीत करावा लागतो.

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार ठरवताना निवड समितीत मते समसमान पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत अनुभवी पतौडींऐवजी अजित वाडेकर यांना दिले. निर्णयावर टीका झाली. परंतु त्या मालिकेत नवोदित सुनील गावसकर यांनी ७७४, तर मडगावला जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांनी ६४२ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली.

निवड निकालापूर्वी करावी लागते. म्हणूनच निवडकर्त्याला विवेकाबरोबर धैर्यही लागते.

विचार करा : मालिका हरली असती, तर मर्चंट यांचा निर्णय चुकीचा ठरला असता का?