दोन्ही आय-५, मग सात हजारांचा फरक कशाचा?

प्रश्न : मुलीला अभियांत्रिकीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. दोन कंपन्यांचे पाहिले. दोन्हींत आय-५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. किमतीत मात्र सात हजारांचा फरक. स्वस्तातला घ्यावा का?
– एक पालक, अंबाजोगाई

उत्तर : ‘आय-५’ हे नुसतं आडनाव झालं, खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. आय-५ १३३५यू हा १५ वॅटचा प्रोसेसर बॅटरी पुरवून वापरतो. आय-५ १३४२०एच हा ४५ वॅटचा. जड कामाला दमदार, पण बॅटरी लवकर संपवतो. मुलगी कॅड शिकणार असेल तर एच, नुसतं कोडिंग असेल तर यू पुरे.

मग स्क्रीन पाहा. २५० निट्सची स्क्रीन दिवसा ओसरीवर फिकी दिसते. ३०० निट्स किंवा जास्त बरी. रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असेल आणि मोकळा स्लॉट नसेल, तर पुढे वाढवता येणार नाही.

वॉरंटी ‘ऑनसाइट’ असेल तर तंत्रज्ञ घरी येतो. नाहीतर लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या चकरा ठरलेल्या. तो खर्चही किमतीतच धरा.

शेवटी १८ टक्के जीएसटीसह दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा. एवढं सगळं जुळलं, तर स्वस्तातला खुशाल घ्या.