डबा न भरता निघ

अगं, तुझी यादी वाचली. चतुर्थीला चिंतामणीचं दर्शन, मग मैत्रिणीच्या शेतात हुरडा, एका सुटीला लेकराला रेल्वेत बसवून वर्धा, रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू आणि जमलंच तर टिपेश्वरचा वाघ. खाली तूच लिहिलंयस, ‘ताई, लिहूनच दमले.’ दमशीलच! खरं सांगू का, प्रत्येक जागेपुढे तू एकेक स्वयंपाक लिहून ठेवलायस. दर्शनाला तिळाचे लाडू, शेतावर भरीत आणि दोन चटण्या, रेल्वेसाठी पराठे, हळदीकुंकवाला वडे. वाघासाठी काय करून नेणार होतीस तेवढं लिहायचं राहिलं बघ. ओटा पाठीला बांधून गाव बघायला निघाल्यासारखं झालंय हे.

म्हणून पहिला हुकूम ऐक. या आठवड्यात घराबाहेर पडताना डबा भरायचा नाही. पाण्याची बाटली, लेकराला एक बिस्किटाचा पुडा, सुटे पैसे, एक जुना टॉवेल. संपलं. सासूबाई विचारतील, ‘बाहेरचं खाणार का?’ तर हसून म्हण, ‘हो, तुमच्यासाठी काय आणू?’ या प्रश्नाने भलेभले नरमतात. आलूबोंडा बहुतेक सगळ्यांनाच आवडतो, फक्त कबूल कुणी करत नाही.

आता आपल्या कळंबचा चिंतामणी. तू बदलीने आलीस, तुला वाटतं हे आपलं साधं गावातलं देऊळ. अगं, विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा एक. केळझर, आदासा, रामटेक, भद्रावती इथले लोक जसा आपापल्या गणपतीचा तोरा मिरवतात तसा आपण मिरवायचा, तर तू अजून आत नीट गेलेलीच नाहीस. प्रवेशाजवळचा चार तोंडांचा गणपती आधी बघ. लेकराला ती चारही तोंडं मोजू दे, रांगेतली दहा मिनिटं तशीच निघतात. मग पायऱ्या उतरायच्या, कारण हे देऊळ जमिनीच्या खाली आहे. शेजारी कुंड. बारा वर्षांनी तिथं गंगा वर येते आणि देवाच्या पायाला लागून परत जाते, अशी इथली श्रद्धा. गौतम ऋषींच्या शापातून सुटायला इंद्राने हा चिंतामणी स्थापला, ही कथा तर तुला पायरीवर बसलेली कुठलीही आजी सांगेल. नुसतं ‘काकू, इथली काय गोष्ट आहे हो?’ एवढं विचारायचं आणि बसायचं. तुझ्याकडे वेळ आहे हे आधी ठरवून जा मात्र, कारण आजी मध्येच सोडत नाहीत.

पण चतुर्थीलाच जायचं हे कुणी सांगितलं तुला? माघ शुद्ध चतुर्थी म्हणजे गणेश जयंती, त्या दिवशी गर्दी लोटते. कडेवर लेकरू, ओल्या पायऱ्या, उपासाने डोकं चढलेलं आणि मागून ढकलणारी माणसं. भक्ती राहते बाजूला, सगळं लक्ष चपलांत. तू आपली पंचमीला किंवा षष्ठीला सकाळी जा. उत्सवाची सजावट असतेच, माणसं विरळ होतात आणि उपासही नसतो. साधा सुती ड्रेस घाल. मी नवी नवरी असताना जरीची साडी नेसून त्या पायऱ्या उतरले होते. एका हातात निऱ्या, एका हाताने नमस्कार. देवाला वाटलं असेल, ही अर्धंच मागायला आलीय.

दर्शन झालं की घरी पळायचं नाही. स्टँडकडे जायचं आणि तर्रीपोहे खायचे. ‘तिखट लागेल’ म्हणून तू आजवर टाळलेस, हो ना? अगं, पोहेवाल्याला सांगायचं, तर्री वेगळी दे. तो वाटीत देतो. वरचा लाल तवंग चमच्याने बाजूला कर, खालचे चणे आणि रस्सा थोडा थोडा पोह्यांवर घे, वर सांबार, कांदा, लिंबू. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे एव्हाना भाजीवालीने तुला शिकवलंच असेल. लेकराला नुसते पोहे आणि शेव. उभ्याने खायला लाज वाटत असेल तर वाटू दे, पहिल्या चमच्यापुरतीच असते.

आणि एक नाजूक गोष्ट, जी आपण बायका एकमेकींनाही सांगत नाही. बाहेर जायचं म्हणजे तू सकाळपासून पाणी पीत नाहीस. मला ठाऊक आहे, कारण आपण सगळ्याच तेच करतो आणि दुपारी डोकं धरून बसतो. असं करू नकोस. निघायच्या आधी ठरव, वाटेत कुणाचं घर आहे. देवळाजवळ ओळखीचं एक घर असलं की निम्मी चिंता मिटते. ‘काकू, जरा येऊ का आत?’ म्हणायला कसला संकोच? कळंब अजून एवढं मोठं शहर झालेलं नाही, की कुणी नाही म्हणेल.

हुरड्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथंच तू फसणार आहेस. आपल्या भागात कापूस, तूर, सोयाबीन वाढलं आणि ज्वारीचा पेरा कमी झाला, त्यामुळे हुरड्याचं आमंत्रण आलंय म्हणजे नशीबच समज. पण शेतात काय होतं बघ. पुरुषमंडळी आरापाशी गोल करून बसतात आणि बायका चटणी वाढतात, दही वाढतात, पाणी देतात. हुरड्याची सगळी मजा पहिल्या पाच मिनिटांत असते. कणीस गोवऱ्यांच्या आरातून काढलं, झटकलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, की तो हिरवागार दाणा गरम असतानाच तोंडात जायला हवा. तेव्हा तो दुधाळ आणि गोड लागतो. गार झाला की चिवट. म्हणजे वाढणारीच्या वाट्याला नेमका चिवट येतो! तेव्हा शेतात पोचल्या पोचल्या थेट आरापाशी बस आणि स्वतः कणीस चोळ. हात भाजतील थोडे, टॉवेल त्यासाठीच आणायला सांगितला. चटणीचं भांडं मधोमध ठेवायचं, ज्याला हवी तो हात लांब करेल. नवऱ्याला म्हण, ‘मला जरा पाणी द्या हो.’ सगळ्यांसमोर म्हण. तो उठतोच.

हुरडा नाही जमला तर उदास होऊ नकोस. बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या तर मिठाच्या पाण्यात उकडून टीव्हीसमोर ओढ. सोललेले दाणे म्हणजे आपले सोले. वांग्यात टाक, भातात टाक. एकच भांडं लागतं, म्हणून एवढा स्वयंपाक मी माफ केला.

यादीखेरीज लेकरासाठी बागेचंही विचारलंस. लेकराला घसरगुंडी हवी, हे कळतं गं. पण त्याला खरं हवं असतं ते मोकळं पळायला आणि माती उकरायला. संध्याकाळी शाळेचं मैदान, शेताचा धुरा, नदीकडचा रस्ता, काहीही चालतं. तू फक्त मोबाइल पिशवीत ठेव आणि कपडे मळले म्हणून ओरडू नकोस. टिपेश्वर मात्र या आठवड्यात नको. ते पांढरकवड्याकडे, सफारीचं आधी बुकिंग करावं लागतं, भल्या पहाटे निघावं लागतं. लेकरू जरा मोठं झालं की जाऊ आपण दोघी. तिथला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, माहितेय? त्यानेही डबा नेला नव्हता.

हळदीकुंकू. पाच दिवसांपासून तू ‘वाण काय देऊ’ करत बसलीयस. मी एका वर्षी सांबाराची जुडी आणि चार लिंबं दिली होती. आधी बायका हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या घरी पोह्यांवर तीच होती. खायला तीळगूळ आणि चहा पुरे. वडे तळत बसलीस तर गप्पा कोण मारणार? आणि शेजारच्या त्या काकूंना बोलाव, ज्यांचा नवरा मागल्या वर्षी गेला. कचरू नकोस. २०१९ साली यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटन कुणी केलं? आपल्याच कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा गमावलेली, अंगणवाडीत काम करणारी बाई. एवढ्या मोठ्या मांडवात तिला पहिला मान मिळतो आणि आपल्या दिवाणखान्यात काकूंना कुंकू लावायला आपला हात थरथरतो, हे मला पटत नाही. त्या नाही म्हणाल्या तर तीळगूळ त्यांच्या घरी नेऊन दे. पण विचार नक्की.

राहिली रेल्वे. ही मात्र सोडू नकोस. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गातला वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. त्याआधी इथल्या लेकरांना रेल्वे बघायलाही एसटीत बसावं लागायचं. आदल्या दिवशी वेळ आणि वार स्टेशनवर विचारून घे, मुंबईच्या लोकलसारखी दर पाच मिनिटांनी येत नाही ती. परतीची नसेल तर एसटी आहेच. खिडकीजवळ लेकराला बसव, देवळी आली की ओरडून सांगू दे. वर्ध्यात उतरून सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. सेवाग्रामला जा, बापू कुटीसमोर झाडाखाली बस, लेकरू पळेल. मगन संग्रहालय, पवनार पुढच्या खेपेला. जेवण तिथंच कुठेतरी साधं. त्याच्या खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव, गर्दीत जीव थाऱ्यावर राहतो.

आणि परत निघण्याआधी वर्ध्याचा गोरसपाक घे. गाईच्या तुपातलं ते बिस्किट हातात घेतलं तरी भुगा होतो, म्हणून पिशवीत सगळ्यात वर ठेव. दोन पुडे घे, एक माझा. पैसे मी देणार नाही, एवढा सल्ला काय फुकट दिलाय का?