बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो!

तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत. पण एलईडी मिणमिणायला मिलिअँपिअरहून कमी करंटही पुरतो! तो येतो कुठून? बटणात निऑन इंडिकेटर असेल तर त्यातून. किंवा फेज आणि स्विचची वायर एकाच पाइपातून लांबवर गेल्या, तर त्या कपॅसिटरसारख्या वागतात. ही दोन्ही कारणं निरुपद्रवी. तिसरं मात्र घातक: स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर. मग बटण बंद, तरी होल्डर जिवंत! बल्ब बदलताना शॉक बसू शकतो.

ओळखायचं कसं? लाइट असताना वायरमनला बल्ब काढून, बटण चालू ठेवून स्विचच्या टर्मिनलवर टेस्टर लावायला सांगा. पेटला नाही, तर वायरिंग उलटं. ते सुलट होईपर्यंत बल्बला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.