घाट, ब्रेक आणि हेल्मेट : दुचाकीच्या प्रवासाचे गणित

सुट्टी लागली की नाशिकहून दुचाक्या निघतात. कोणी वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जातो, कोणी त्र्यंबकेश्वराला, तर कोणी इगतपुरीवरून कसारा घाट उतरून मुंबईच्या दिशेने. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे मोटारसायकलवाल्याला घाट चुकत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना अजून गाडी चालवण्याचा परवाना मिळणार नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. पण बाबांच्या, काकांच्या किंवा ताईच्या मागे तुम्ही बसताच ना? मग या प्रवासात कोणते नियम काम करतात ते समजून घ्या. ते नियम तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहेत.

थांबायला किती जागा लागते?

समोर अचानक म्हैस आली, तर गाडी लगेच थांबत नाही. आधी डोळ्यांना दिसते, मग मेंदू निर्णय घेतो, मग हात-पाय हलतात. एवढ्याला सुमारे एक सेकंद लागतो असे धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे ब्रेक दाबला जाण्यापूर्वीच गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. कोरड्या रस्त्यावर चांगला चालक गाडीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका कमी करू शकतो असे समजू. थांबेपर्यंतचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन). या सूत्राने आलेली उत्तरे पाहा :

ताशी ४० कि.मी. : ११ + १० = २१ मीटर
ताशी ६० कि.मी. : १७ + २३ = ४० मीटर
ताशी ८० कि.मी. : २२ + ४१ = ६३ मीटर

वेग ४० चा ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला. पण ब्रेकचे अंतर १० चे ४१ झाले, म्हणजे चौपट! कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. आता पाऊस पडला आणि मंदन निम्म्यावर, म्हणजे ३ वर आले असे धरा. मग ताशी ६० च्या वेगाला १७ + ४६ = ६३ मीटर लागतात. म्हणजे ओल्या रस्त्यावरचा ६० चा वेग हा कोरड्या रस्त्यावरच्या ८० इतकाच धोक्याचा ठरतो. पहिल्या पावसात तर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, तेव्हा अधिकच जपावे लागते.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो. त्यामुळे पुढच्या चाकाची पकड वाढते, मागच्याची कमी होते. फक्त मागचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू जोर वाढवत लावायचे असतात.

घाट उतरताना

इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. याच घाटातून जाणाऱ्या रेल्वेचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र आहे, आणि त्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. आता गाडी, चालक आणि मागे बसलेले तुम्ही मिळून वस्तुमान २५० किलोग्रॅम धरा. घाट उतरताना जी स्थितिज ऊर्जा कमी होते ती अशी :

२५० × ९.८ × ३०० = ७,३५,००० ज्यूल

ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या विरोधात जाते. बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने दोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवता येईल! सारा वेळ ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून जाणते चालक घाट खालच्या गिअरमध्ये उतरतात. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विश्रांती मिळते. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणे हा या दृष्टीने मोठाच धोका आहे.

वळणावर आणखी एक गोष्ट घडते. गाडीला वळवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून येते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० च्या वेगाला ०.४२ इतका घर्षणांक पुरतो. ताशी ६० ला ०.९४ लागतो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर तो ०.७ ते ०.८ च्या आसपास मिळतो, ओल्यावर त्याहून पुष्कळ कमी. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा, वळणात नाही. मागे बसणाऱ्याने चालकाबरोबर कलावे. उलट बाजूला अंग सावरू नये.

डोक्याचे संरक्षण

१९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून देणारा लेख प्रसिद्ध केला.

हेल्मेट नेमके काय करते? समजा, डोके १.५ मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले. ते ३ मिलिमीटर अंतरात थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ५०० पट होते. हेल्मेटच्या आतला फेसासारखा थर दबत दबत २५ मिलिमीटर अंतर देतो. मग तेच मंदन सुमारे ६० पट राहते. थांबण्याचे अंतर वाढले की बल घटते. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे नेतो, त्यातलेच हे तत्त्व. पण तो थर एकदा दबला की पुन्हा तसा फुगत नाही, म्हणून मोठा धक्का बसलेले हेल्मेट बदलावे लागते. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोक्याआधीच उडून जाते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आवश्यक आहे. नाशिक शहरात पोलिसांनी ऑगस्ट २०२१ मध्ये ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू केली होती. मात्र हेल्मेट पेट्रोलसाठी नसते, डोक्यासाठी असते. ते घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहावे.

निघण्यापूर्वी

आदल्या संध्याकाळी घरच्यांबरोबर ही तपासणी तुम्ही करू शकता :

१. टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजून घ्या. दोघे बसणार असतील तर मागच्या चाकात किती हवा हवी ते गाडीच्या माहितीपुस्तकात असते. टायरच्या खाचा झिजल्या असतील तर पाणी बाहेर सरकायला जागा उरत नाही.
२. दोन्ही ब्रेक, पुढचा व मागचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न पाहा.
३. साखळी फार सैल नाही ना, तेल पुरेसे आहे ना, ते पाहा.
४. ओढणी, साडीचा पदर, पिशवीचा बंद चाकात किंवा साखळीत जाणार नाही असे बांधा.
५. वाटेत साधारण तासाभराने थांबा. दमलेल्या चालकाचा प्रतिक्रियेचा वेळ वाढतो.

करून पाहा

मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवायला सांगा. खालच्या शून्याजवळ तुमचा अंगठा आणि बोट उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. (वेळ = √(२ × अंतर ÷ ९.८), अंतर मीटरमध्ये.) आता कोणाशी बोलत बोलत हाच प्रयोग दहा वेळा करा आणि सरासरी काढा. चालकाशी गप्पा का मारू नयेत, त्याला फोन का दाखवू नये, ते त्या आकड्यांवरून तुम्हीच सांगा.

प्रश्न

१. पट्टी १८ सेंटिमीटर घसरली, तर प्रतिक्रियेचा वेळ किती?
२. ताशी ५० किलोमीटर वेगाला कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर थांबण्याचे एकूण अंतर काढा.
३. कसारा घाटाऐवजी तुमच्या गावाजवळच्या एखाद्या उताराची उंची घेऊन ब्रेकमध्ये जाणाऱ्या ऊर्जेचे गणित मांडा.

उत्तरे : (१) सुमारे ०.१९ सेकंद. (२) सुमारे ३० मीटर व ४६ मीटर. (३) तुमच्या शिक्षकांकडून तपासून घ्या, आणि तो कागद घरी गाडी चालवणाऱ्यालाही दाखवा.